नऊ घाटांचा मुलूख आणि आधार बिऱ्हाडे

मी पहूरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. जळगाव-औरंगाबाद रस्त्यावरची गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, हे लिहायचं आणि भोंग्यावरून ओरडायचं, एवढंच काम. आधार बिऱ्हाडे बोदवडच्या पोस्टात कारकून होते. आमची पहिली भेट झाली ती ओळख होऊन आठ वर्षं उलटल्यावर. त्याआधी आम्ही एकमेकांना फक्त अक्षरावरून ओळखत होतो.

ते मूळचे शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यातले. बौद्ध घर, बाप सालदारकीवर दुसऱ्याच्या शेतात राबायचा. गावात चैत्रात सोंगं निघायची. रावण, गणपती, वेताळ, सगळी सोंगं ठरलेल्या घरांत वाटलेली. बिऱ्हाड्यांच्या घराला सोंग कधीच मिळालं नाही. त्यांना हलगी वाजवायला बोलवायचे. आधारभाऊंनी ही गोष्ट मला एकदाच सांगितली, तीही हसत. "वेताळाचं सोंग घेणाऱ्याला भीती वाटायची. मी हलगी वाजवता वाजवता त्याच्यापेक्षा चांगला वेताळ मनात नाचायचो," म्हणाले.

पोस्टात लागल्यावर त्यांच्या हातून रोज शेकडो कार्डं जायची. न वाचताही दिसायचं, सगळ्यांवर तेच. इकडे खुशाली आहे, तिकडची कळवावी. १९८३ साली त्यांना वाटलं, या माणसांना लिहायला काहीतरी द्यावं. त्यांनी एक मुलूख कल्पिला. एक नदी, तिच्यावर नऊ घाट, नऊ गावं, मधे जंगल, वरच्या अंगाला जकात नाका. जळगावच्या एका साप्ताहिकात चार ओळींचं निवेदन दिलं: ज्यांना या मुलखात राहायचं असेल त्यांनी कोण व्हायचं ते ठरवून कार्ड टाकावं. आडनाव लिहू नये.

मी नावाडी झालो. पहूरला बसून नदीत होडी चालवायची, याचं मला हसू आलं होतं, तरी कार्ड टाकलं. वीस तारखेपर्यंत प्रत्येकानं आपला माणूस या महिन्यात काय करतो ते कळवायचं. आधारभाऊ सगळी कार्डं वाचायचे, कुणाच्या करण्यानं कुणाचं काय झालं ते ठरवायचे, आणि रविवारी स्टेन्सिल कापून शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर चार पानं काढायचे. त्याला 'घडामोडी' म्हणायचे. खर्चापुरती तिकिटं आम्ही कार्डासोबत पाकिटात घालायचो. पहिल्या वर्षी अकरा माणसं होती, पुढे साठ झाली. वैद्य होता, कासार होता, दोन चोर होते, एक आंधळा गाणारा होता, एक नुसताच झाडाखाली बसणारा होता. त्या बसणाऱ्यालाही आधारभाऊ दर महिन्याला दोन ओळी द्यायचे.

त्यात मजा काय होती, हे बाहेरच्याला सांगणं कठीण आहे. एक उदाहरण देतो. १९८८च्या ऑगस्टात माझे वडील गेले. त्या महिन्यात काही सुचेना. मी कार्डावर एवढंच लिहिलं, "नावाडी होडी काढणार नाही." कारण लिहिलं नाही. पुढच्या घडामोडीत छापून आलं: "नावाडी घाटावर आला नाही. दोन्ही काठांना माणसं बसून राहिली. वैद्याला पलीकडे जायचं होतं, तोही बसला. कुणी हाक मारली नाही." मी ते स्टँडवर, खिडकीत बसून वाचलं. समोर जामनेरची गाडी लागली होती आणि मला भोंग्यावर बोलता येईना. पुढच्या महिन्यात सात जणांनी आपल्या कार्डात लिहिलं की आम्ही अजून काठावरच बसून आहोत. माझ्या घरी काय झालं ते त्यांतल्या कुणालाही ठाऊक नव्हतं.

१९९१च्या डिसेंबरात आम्ही पहिल्यांदा बोदवडला जमलो. सगळ्यांना एकच उत्सुकता होती, जकातदार भैरोजी कोण? या भैरोजीनं आठ वर्षं नाक्यावर आम्हाला सळो की पळो केलं होतं. लाच घेत नसे, विनवण्या ऐकत नसे. माझी होडी त्यानं तीनदा अडवली होती. आधारभाऊंच्या घरी ओटीवर आम्ही दाटीवाटीनं बसलो होतो. एक सडसडीत बाई आत आली, पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. शिंदखेड्याच्या दवाखान्यात नर्स होती, नाव मंजुळाबाई.

"भैरोजी तुमच्या ओळखीचे का?" कुणीतरी विचारलं.

"मीच भैरोजी," ती म्हणाली. "नावाडी कोण शे यामा?"

मी हात वर केला. तिनं मला खालीवर न्याहाळलं. "होडीत चोरून गूळ नेत होतात, माघ महिन्यात. माले माहीत व्हतं." सगळी ओटी हसली. आधारभाऊंची बायको पुष्पाबाई चहा घेऊन आली ती दारातच थांबून हसत राहिली. आधारभाऊ कोपऱ्यात भिंतीला टेकून एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. इतकं सुखी माणूस मी फार कमी पाहिलंय.

त्या दिवशी चुडामणही आला होता. जळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकायचा. आमच्या मुलखात तो हेर होता, आणि चांगला हेर होता. पुढे तो मुंबईला एका कंपनीत लागला. ही कंपनी संगणकावरचे खेळ करायच्या तयारीत होती. १९९६च्या जानेवारीत चुडामण कंपनीच्या साहेबाला गाडीत घालून थेट बोदवडला घेऊन आला.

साहेबाचं म्हणणं असं, की परदेशात आता असे खेळ निघतायत. टेलिफोनच्या तारेवरून हजारो माणसं एकाच वेळी एका मुलखात शिरतात, जो तो आपापलं सोंग घेतो. आपल्याकडे असं काही नाही. तुमचा मुलूख आयता तयार आहे. आम्ही कोटींनी पैसा ओततो, तुम्ही सल्लागार व्हा. अट एकच, टपालातला खेळ बंद करायचा, म्हणजे लोक नव्याची वाट बघतील.

आधारभाऊंनी मला विचारायला बोलावलं. मी म्हणालो, "भाऊ, चालतंय ते चालू द्या."

ते म्हणाले, "तोताराम, साठ माणसं आहेत. मी मरेपर्यंत फार तर शंभर होतील. तिथं लाख होतील. ज्यांना कुठंच सोंग मिळालं नाही, अशी माणसं किती असतील या देशात? त्यांना कार्ड लिहिता येत नसलं तरी जागा मिळेल."

पैसे किती मिळणार, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही; ते त्यांच्या डोक्यातच नव्हतं. त्यांनी सही केली. तेरा वर्षांच्या चौदा वह्या कंपनीला दिल्या. प्रत्येक माणसाची जन्मकथा, कुणाचं कुणाशी वैर, कुणी कुणाला पाण्यातून काढलं, सगळं त्यांत होतं. नक्कल काढून ठेवा, असं पुष्पाबाई म्हणाल्या होत्या. "त्या वह्या तिकडेच राहणार आहेत, मुलखातच," ते म्हणाले.

शेवटची घडामोडी १९९७च्या जानेवारीत आली. तिच्या शेवटी त्यांनी हातानं लिहिलं होतं: "तुमची माणसं तुम्हाला तिथं भेटतील. मी शब्द देतो."

मधल्या काळात ते दोनदा मुंबईला जाऊन आले. पहिल्यांदा आले ते पहूरला उतरून मला भेटायला. "पाणी हलतं रे," म्हणाले. "पडद्यावर नदी आहे आणि तिचं पाणी हलतं. ऊन पडलं की चकाकतं. नऊच्या नऊ घाट केलेत." दुसऱ्यांदा आले तेव्हा थोडे गप्प होते. मी विचारलं, कार्डं वाचायला माणसं ठेवणार का? म्हणजे खेळणाऱ्यानं काही लिहिलं तर ते वाचून पुढचं ठरवायला? "तीस जण ठेवतील, असं बोलणं झालंय," ते म्हणाले. "साहेब म्हणाला, ते नंतर बघू."

खेळ सत्त्याण्णवच्या दिवाळीला येणार होता. मग पाडव्याला. मग पुन्हा दिवाळीला. वर्तमानपत्रात रंगीत जाहिरात आली, तिच्यात आमचा वरचा घाट होता आणि घाटावर तलवार उपसलेला एक उघडा पहिलवान. हा कोण, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मंजुळाबाई दर दोन महिन्यांनी आधारभाऊंना कार्ड टाकायची: "नाक्यावर शांतता आहे. पुढील हुकूम कळवणे." आणि ते उत्तर द्यायचे, "अजून थोडे थांबा, भैरोजी."

अखेर १९९९च्या मे महिन्यात खेळ सुरू झाला. जळगावला स्टेशनाजवळ पहिल्या मजल्यावर नवीनच नेट कॅफे निघाला होता. एका रविवारी आम्ही नऊ जण तिथं जमलो. मंजुळाबाई सुरत लाइनच्या पॅसेंजरनं आली होती. आधारभाऊंनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि पेढे आणले होते. चुडामण मुंबईहून मुद्दाम आला होता, पण जिन्याशीच उभा राहिला. माझ्याशी नीट बोलला नाही. मला वाटलं, प्रवासानं थकला असेल.

आत पाच संगणक होते. टेलिफोन लागायला पंधरा मिनिटं गेली. चिरकत, घरघरत तो एकदाचा लागला. पडदा उजळला आणि नदी दिसली. खरं सांगतो, सगळ्यांच्या तोंडून एकदमच आवाज निघाला. पाणी हलत होतं. घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. लांब जंगलावर धुकं होतं. आधारभाऊंनी चष्मा काढून पुसला.

मग पडद्यानं विचारलं, कोण व्हायचं? सगळं इंग्रजीत. चुडामणनं वाचून दाखवलं. चारच सोंगं होती: योद्धा, धनुर्धर, मांत्रिक आणि चोर.

"नावाडी?" मी विचारलं.

"नाही," चुडामण म्हणाला.

"वैद्य?"

"नाही, भाऊ. चारच आहेत."

मी योद्धा झालो, कारण काहीतरी होणं भाग होतं. मंजुळाबाई मांत्रिक झाली. आम्ही आत शिरलो. मी सरळ घाटावर गेलो. होडी होती. तिच्या नाळेवर रंगीत मोर काढलेला होता, तो माझ्याच एका कार्डातून घेतलेला. मी चौऱ्याऐंशी साली लिहिलं होतं ते. मी होडीपाशी उभा राहून एकेक बटण दाबलं. होडी सुटेना. पाण्यात पाय टाकला तर पाय पुढे जाईना. चुडामण मागून हळू म्हणाला, "ती नुसती दिसायला आहे. नदी ओलांडता येत नाही. पलीकडचं काही केलेलंच नाही."

एवढ्यात कुणीतरी आला, तिकडे मुंबईत की दिल्लीत बसलेला, आणि त्यानं मला तलवारीनं मारून टाकलं. का, ते कळलं नाही. मी पुन्हा जिवंत झालो, त्याच पायरीवर. त्यानं पुन्हा मारलं. मी इंग्रजी अक्षरांत "नमस्कार" लिहिलं. त्यानं तिसऱ्यांदा मारलं. प्रत्येक वेळी त्याच्या डोक्यावरचा आकडा वाढत होता.

शेजारच्या संगणकावर मंजुळाबाई चालत चालत वरच्या अंगाला पोचली होती. जकात नाका होता. दगडी इमारत, बाहेर अडसर, वर झेंडा. ती इमारतीभोवती फिरली. एकदा, दोनदा, तीनदा.

"भाऊ," तिनं आधारभाऊंना हाक मारली, "याले दार नही शे."

ते तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"मी आत कशी जाऊ? मना नाका शे ना हा?"

त्यांनी चुडामणकडे पाहिलं. चुडामणनं मान खाली घातली. मग तो जे बोलला ते मला शब्दशः आठवतं. "पैसा सगळा चित्रात गेला, आधारभाऊ. पाण्यालाच दीड वर्ष लागलं. मग साहेब म्हणाले, बोलणं-चालणं कोण बघतो, मारामारी ठेवा, तीच विकते. तीस माणसं ठेवायची होती वाचायला. एकही ठेवला नाही. मी भांडलो. मला दुसऱ्या कामावर टाकलं."

"आणि बठ्ठा लोके?" मंजुळाबाईनं विचारलं. "वैद्य, कासार, तो आंधळा? ते कोठे गयात?"

तेवढ्यात टेलिफोनची लाइन तुटली आणि पडदा काळा झाला. कॅफेचा मालक पुन्हा लावू लागला, पण कुणी तिकडे बघितलं नाही. झुलाल नावाचा धुळ्याचा शिंपी आमच्यात होता, तो आमचा कासार. तो एकटाच चिडला. "तुम्ही शब्द दिला होता," तो आधारभाऊंना म्हणाला. "तुम्ही आत जाऊन बघून आला होता. आम्हाला का नाही सांगितलं?"

"मला नदी दाखवली," आधारभाऊ म्हणाले. "मी नदीच बघत राहिलो."

मंजुळाबाई उठली, पिशवी घेतली. "निघते. पॅसेंजर सापडनार नही मंग." जिना उतरताना तिनं कठडा घट्ट धरला होता. पेढ्यांचा पुडा तसाच टेबलावर राहिला. तो नंतर कॅफेच्या मालकानं आम्हाला खाली आणून दिला.

त्या महिन्यात आधारभाऊंना चाळीसेक कार्डं आली. काही रागाची, काही सांत्वनाची. सांत्वनाची मनाला जास्त लागली, असं पुष्पाबाई म्हणाल्या. मी जूनमध्ये बोदवडला गेलो तर त्यांनी मला दारातच गाठलं. "कालपासून जेवनात नहीत. तुम्ही सांगा त्यासले."

मी त्यांना सुचवलं, पुन्हा सुरू करू. करारामुळे नदी, घाट, नावं, काहीच वापरता येणार नव्हतं. म्हटलं, दुसरा मुलूख करा. डोंगर घ्या, वाळवंट घ्या. ते तयार झाले. डोंगरावरच्या एका बाजारपेठेचा मुलूख मांडून त्यांनी बावन्न जणांना कार्डं टाकली. चौदा जणांचं उत्तर आलं. मंजुळाबाईच्या कार्डावर एकच ओळ होती: "भैरोजी वारला असे समजावे."

जुलैत घडामोडी आली. मी उघडली. सगळं बरोबर होतं. चौदा माणसं, चौदांचं करणं, त्याचा परिणाम. मी डोंगरावर हमाल झालो होतो आणि मी एक पोतं उचललं असं लिहिलं होतं. मी कार्डात लिहिलेलंच ते परत सांगत होते. त्यात आधारभाऊ कुठेच नव्हते. ऑगस्टची आलीच नाही.

मी रजा काढून गेलो. रविवार होता, ते ओट्यावर बसले होते. समोर कार्डांची चवड होती, वाचलेली की न वाचलेली, कळत नव्हतं.

"जमत नाही," ते म्हणाले. "पूर्वी कार्ड हातात घेतलं की मागचा माणूस दिसायचा. कुठं अडलाय, कशाला भितोय, दिसायचं. आता विचार येतो, याला मी फसवलंय. मग पुढचं लिहवत नाही."

"तुम्ही फसवलं नाही. कंपनीनं फसवलं."

"कंपनीला ते ओळखत नव्हते, तोताराम. मला ओळखत होते. माझ्या गावात निदान सांगायचे तरी, तुला सोंग नाही म्हणून. मी मात्र दिलेली सोंगं काढून घेतली. साठ जणांची."

मी पुष्कळ बोललो. ते ऐकत राहिले. पुष्पाबाईंनी वाढलेलं ताट त्यांनी माझ्यासोबत संपवलं, एवढंच त्या दिवसाचं समाधान.

नोव्हेंबरात कंपनीनं खेळ गुंडाळला. इतका पैसा ओतून जेमतेम सहा महिने चालला. वर्तमानपत्रात बातमी होती, की लोकांना अजून अशा खेळांची आवड नाही. चुडामण तोवर नोकरी सोडून जळगावला परत आला होता. सोडण्याआधी तो वह्या शोधायला गेला होता. वह्या होत्या ती खोली रिकामी झाली होती. आधी गोदामात, मग कुठेतरी, मग रद्दीत, असं तिथल्या पहारेकऱ्यानं सांगितलं. हे तो बोदवडला जाऊन स्वतः आधारभाऊंना सांगून आला. मी त्याला विचारलं, काय म्हणाले?

"म्हणाले, चहा घे. मग माझ्या नोकरीची चौकशी केली. ओळखीचं कुणी आहे का बघतो म्हणाले." चुडामणवर राग धरावा, असं मलाही कितीदा वाटलं होतं, पण त्या दिवशी त्याच्याकडे बघून धरवला नाही.

वर्षअखेरीस माझं बोदवडला काम निघालं म्हणून पोस्टात गेलो. काउंटरवर दुसराच कारकून. म्हणाला, बिऱ्हाडे आता आत असतात, थैल्या बांधायला. त्यांनीच ते काम मागून घेतलं, काउंटरवर बसायला नको म्हणाले. त्यानं आत हाक मारली. आधारभाऊ आले, बोटांना लाखेचे डाग होते. आम्ही बाहेर लिंबाखाली उभे राहिलो. पुष्पाबाईंच्या गुडघ्यांचं दुखणं, माझ्या मुलाची दहावी, कपाशीवरची अळी, असं बोलणं झालं. मुलखाचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. मग आतून कुणीतरी ओरडलं, गाडी यायची वेळ झाली, थैली तयार नाही.

"येतो," म्हणाले, आणि घाईघाईनं आत गेले.